माउस मुलांच्या हातात : शाळेत संगणक शिकवायला पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी

पहिल्या तासाला मी फळ्यावर एक चौकट काढली. आत लिहिलं ‘सीपीयू’. डावीकडे ‘इनपुट’, उजवीकडे ‘आउटपुट’, खाली ‘मेमरी’. मुलांनी पट्टी लावून आकृती वहीत उतरवली, बाण रंगवले. पस्तीस मिनिटं गेली. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, आता चालू करू का?” तेवढ्यात घंटा वाजली.

त्यानंतरची काही वर्षं मी दहा ते पंधरा वयाच्या मुलांना संगणकातल्या मूळ कल्पना शिकवत आले आहे. इथे लिहिलेलं बरंचसं चुका करून कळलेलं आहे. तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, किंवा नोकरी सांभाळून आठवड्यातून एक तास शाळेत जाणारे प्रोग्रामर असाल (तुमची अडचण सगळ्यांत मोठी, कारण तुम्हाला सगळं येतं), तर खालच्या क्रमाने जाऊन बघा.

मी शिकवताना एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवते. बटण दाबण्याआधी मूल “आता काय होईल?” याचं उत्तर देतंय का? उत्तर चुकलं तरी चालतं, खरं तर चुकलेलंच बरं. पण अंदाजच बांधलेला नसेल, तर पडद्यावर जे उमटेल ते मुलाला जादूचा खेळ वाटतो, आणि जादू बघून टाळ्या वाजतात, डोक्यात काही उतरत नाही.

सोबत ठेवायच्या वस्तू :

- जाड पुठ्ठ्याचे पाच मोठे पत्ते, एका बाजूला ठिपके काढलेले (कसे ते पुढे आहे)
- आलेख कागद, पेन्सिली, खडू, चिकटपट्टी
- लागणारी सॉफ्टवेअर भरून ठेवलेला पेन ड्राइव्ह
- दोन जादा माउस
- मुलांच्या नावांची यादी, शेजारी रिकामा रकाना
- शाळेची लेखी परवानगी; फोटो काढणार असाल तर पालकांची संमती वेगळी

## १. लॅब आदल्या दिवशी बघून या

“आमच्याकडे तीस संगणक आहेत” या वाक्यात चालू किती, हे नसतं. स्वतः जा, प्रत्येक यंत्र सुरू करा. लॉगिनचा पासवर्ड कोणाकडे आहे, सॉफ्टवेअर टाकायची परवानगी आहे का, ब्राउझर किती जुना आहे, प्रोजेक्टरची केबल कुठे आहे, हे सगळं त्याच दिवशी विचारून घ्या. एका शाळेत पासवर्ड माहीत असलेली एकमेव व्यक्ती रजेवर होती. तो अख्खा तास मी खडूवर काढला.

इंटरनेट असेल असं धरून पाठ आखू नका. स्क्रॅच (आज्ञांचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, जोडून प्रोग्राम करायचं मुलांसाठीचं साधन) याचं इंटरनेटशिवाय चालणारं रूप मोफत मिळतं, पायथन ही टाइप करून लिहायची प्रोग्रामिंग भाषाही मोफत आहे. दोन्ही पेन ड्राइव्हवर न्या आणि आदल्या दिवशीच टाकून ठेवा. तीस मुलांनी एकाच वेळी एकच पान उघडलं की शाळेचं नेट मान टाकतं.

संगणक कमी असतील तर दोघांत एक द्या. पुरेसे असले तरी मी दोघांत एकच देते. एकाने माउस आणि कळफलक सांभाळायचा, दुसऱ्याने काय करायचं ते बोलून सांगायचं, दर सात-आठ मिनिटांनी अदलाबदल. घड्याळ लावूनच अदलाबदल करा. नाहीतर ज्याच्या घरी संगणक आहे तोच तासभर बसतो आणि दुसरा खिडकीबाहेर बघतो.

## २. पहिला तास संगणक बंद ठेवून घ्या

मुलं चिडतील. चिडू द्या.

दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात साधी आकृती, दुसऱ्याच्या हातात आलेख कागद. पहिल्याने फक्त बोलून ती आकृती दुसऱ्याकडून काढून घ्यायची. पहिल्या फेरीत सूचना येते, “एक घर काढ.” घर निघतं, पण भलतंच. दुसऱ्या फेरीत नियम लावा. फक्त तीन आज्ञा : पुढे इतके चौकोन, उजवीकडे वळ, डावीकडे वळ. आता भांडणं सुरू होतात, आणि तीच तुम्हाला हवी आहेत. उजवीकडे म्हणजे कोणाच्या उजवीकडे? बसलेल्या मुलाच्या, की कागदावरच्या पेन्सिलीच्या? कागदाचा छोटा बाण दुमडून आलेखावर ठेवायला द्या. बाणाचं तोंड जिकडे, तिकडे ‘पुढे’. वाद मिटतो.

पुढच्या आठवड्यात स्क्रॅचमधलं मांजर नेमकं याच आज्ञा मागणार आहे. मुलांना ते ओळखीचं वाटतं.

संगणक न वापरता संगणकशास्त्र शिकवायची ही रीत न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांनी सहकाऱ्यांसोबत १९९० च्या दशकात घडवली. ‘सीएस अनप्लग्ड’ या नावाने तिचं साहित्य मोफत मिळतं. त्यातलं सगळं करायला जाऊ नका. तीन-चार खेळ निवडा आणि ते नीट मुरू द्या.

मला आवडणारा आणखी एक खेळ : मनात १ ते १०० मधली संख्या धरा, मुलांनी ‘हो-नाही’ उत्तराचे प्रश्न विचारून ती शोधायची. सुरुवातीला सगळे “४७ आहे का?” असंच विचारतात. कोणीतरी “५० पेक्षा मोठी आहे का?” म्हणेपर्यंत थांबा. आपण सुचवायचं नाही. दर प्रश्नाला उरलेल्या संख्या निम्म्या होतात, त्यामुळे जास्तीत जास्त सात प्रश्नांत काम होतं. मग विचारा, १ ते १००० साठी किती? बहुतेक मुलं ७० म्हणतात. उत्तर १० आहे. दहा लाखांसाठी? फक्त २०. इथे वर्ग क्षणभर गप्प होतो. ती शांतता मोडू नका.

## ३. पाच पत्ते आणि दोनच अंक

पाच पत्त्यांवर १, २, ४, ८ आणि १६ ठिपके काढा, मागची बाजू कोरी. पाच मुलांना ओळीत उभं करा. पत्ता दाखवला तर १, उलटा धरला तर शून्य. मग संख्या सांगा. नऊ? आठाचा आणि एकाचा पत्ता वर : ०१००१. सगळे पत्ते वर केले तर ३१. “सहावा पत्ता घेतला तर त्यावर किती ठिपके?” हा प्रश्न मुलं स्वतः सोडवतात. ३२ ठिपके, आणि मग ६३ पर्यंत मोजता येतं.

इथला खड्डा असा : एकाचा पत्ता वर्गाच्या नजरेने सर्वांत उजवीकडे हवा. उभ्या मुलांना तो त्यांच्या डावीकडे दिसतो, आणि त्यांना वाटतं आपण चुकीच्या जागी उभे आहोत. जमिनीवर खडूने आधीच जागा आखून ठेवा.

काही शिक्षक हेच बोटांवर शिकवतात. दहा बोटांवर १०२३ पर्यंत मोजता येतं, हे खरं. पण अंगठ्यापासून सुरुवात केली की ४ या संख्येला मधलं बोट एकटंच उभं राहतं, आणि पुढची पाच मिनिटं वर्ग तुमचा नसतो. पत्तेच बरे.

अंक झाले की अक्षरांकडे या. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक. आस्की या जुन्या सांकेतिक तक्त्यात १२८ जागा होत्या आणि त्यांत देवनागरीला थारा नव्हता. आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. पुढे पायथनपर्यंत पोहोचलात की संगणकाला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा. मुलांचा अंदाज तीन. संगणक सांगतो पाच, कारण काना आणि वेलांटी यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. हे उदाहरण कुठल्याही परभाषेतल्या धड्यात सापडणार नाही. आपल्या मुलांसाठी ते हाताशी ठेवा.

## ४. स्क्रॅच : आधी चौकोन, मग त्रिकोण

स्क्रॅच एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केलं आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. साधारण ८ ते १६ वयाच्या मुलांसाठी ते आहे. त्याचं मूळ १९६७ सालच्या लोगो या प्रोग्रामिंग भाषेत आणि गणितज्ञ सीमूर पॅपर्ट यांच्या कासवात आहे. कासवाला “पुढे जा, वळ” सांगून चित्रं काढायची, ही कल्पना साठ वर्षांनंतरही शिळी झालेली नाही.

पडद्यावरच्या सगळ्या बटणांची ओळख करून देऊ नका. मी हे केलं आहे. मुलांना आवाजाचं बटण तेवढं लक्षात राहतं. पहिल्या दिवशी मोजके ब्लॉक पुरे : हिरवा झेंडा, पुढे चाल, वळ, पुन्हा कर.

चौकोन काढायला सांगा. ‘चार वेळा पुन्हा कर’ या ब्लॉकच्या आत ‘१०० पावलं पुढे’ आणि ‘९० अंश वळ’. हिरवा झेंडा दाबला की अर्धा वर्ग ओरडतो, “मॅडम, चालत नाहीये!” चाललेलं असतं. मांजर क्षणात फेरी मारून मूळ जागी परत आलेलं असतं, त्यामुळे ते हललंच नाही असं वाटतं. उत्तर लगेच सांगू नका. “मांजर आता कुठे आहे? सुरुवातीला कुठे होतं?” एवढंच विचारा. आत ‘१ सेकंद थांब’ हा ब्लॉक घालायची कल्पना कोणा ना कोणाला सुचतेच. मग पेनचा जोडभाग उघडा, म्हणजे रेघ उमटते.

आता त्रिकोण. संपूर्ण अभ्यासक्रमातला माझा आवडता तास हाच.

मुलांना विचारा, “तीन वेळा पुन्हा कर, १०० पावलं, आणि वळायचं किती?” सगळे म्हणतात ६०. गणितात शिकलेलं असतं, समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंश. अंदाज वहीत लिहून घ्या, मगच झेंडा. त्रिकोण होत नाही. तीन बाजूंची उघडी वाटी तयार होते, म्हणजे षट्‌कोनाचा अर्धा भाग. मुलं आधी संगणकाला दोष देतात, मग एकमेकांना.

या वेळी फळ्याकडे जाऊ नका. बाकं सरकवा, जमिनीवर खडूने मोठा त्रिकोण काढा आणि एका मुलाला रेघेवरून चालायला सांगा. कोपऱ्यावर पोहोचल्यावर थांबवा. तो सरळ बघतोय. त्याला पुढच्या रेघेकडे तोंड करायचंय. किती वळावं लागलं? साठपेक्षा बरंच जास्त, जवळजवळ मागेच वळल्यासारखं. आतला कोन ६०, पण चालणाऱ्याला वळायचं असतं १८० वजा ६०, म्हणजे १२०. हे अंगाने कळतं, शब्दाने कळायला वेळ लागतो. मग एखादी मुलगी म्हणते, “म्हणजे शेवटी पूर्ण गोल फिरतो आपण!” हो, एकूण ३६०. तीन बाजू असतील तर प्रत्येक वळण १२०, चार असतील तर ९०, सहा असतील तर ६०. छत्तीस बाजू आणि १० अंश दिले की डोळ्याला वर्तुळच वाटतं. हा नियम मुलांच्या तोंडून येऊ द्या. त्यासाठी दोन तास गेले तरी हरकत नाही.

ज्यांचं लवकर आटोपतं त्यांच्यासाठी कोडं : पाच टोकांची चांदणी. पाच बाजू, पण ७२ अंश दिले तर पंचकोन होतो. चांदणीला १४४ लागतात, कारण चालणारा दोनदा गोल फिरतो. हे उत्तर तुमच्या खिशातच ठेवा.

स्क्रॅचमधले नेहमीचे खड्डे :

- झेंडा दाबल्यावर मांजर आपोआप मूळ जागी येत नाही, आधीच्या रेघाही पुसल्या जात नाहीत. म्हणून प्रत्येक कोडच्या सुरुवातीला तीन ब्लॉक सक्तीने : सगळं पुसून टाक, मध्यभागी जा, ९० दिशेला तोंड कर.
- स्क्रॅचमध्ये ९० म्हणजे उजवीकडे आणि ० म्हणजे वर. गणिताच्या तासात कोन उजवीकडून मोजायला शिकलेली मोठी मुलं इथे अडखळतात.
- मंच ४८० बाय ३६० चा असतो आणि शून्य मध्यभागी. ऋण संख्या न शिकलेल्या लहान मुलांसाठी आधी जमिनीवर संख्यारेषा काढून घ्या.
- सगळा तास मांजराचे कपडे आणि पार्श्वभूमी निवडण्यात जातो. सजावटीला शेवटची दहा मिनिटं, असा नियम ठेवा आणि पाळा.

## ५. ‘चालत नाहीये’ ऐकलं की हात पाठीमागे

मूल हाक मारतं, तुम्ही जाता, माउस घेता, तीन क्लिकमध्ये दुरुस्त करता, पुढच्या बाकाकडे वळता. तासाभरात वीस मुलांचं काम होतं आणि एकालाही काही येत नाही. मी हात पाठीमागे बांधून वर्गात फिरते. दिसायला कडक दिसतं, पण माउसला हात लागत नाही.

त्याऐवजी याच क्रमाने विचारा. तुला काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? कुठल्या ओळीपर्यंत बरोबर चाललंय? पहिल्या प्रश्नालाच पुष्कळ मुलं गडबडतात. काय हवं होतं तेच ठरलेलं नसतं. दुसरं म्हणजे, संगणकाला आपल्या मनातलं कळतं अशी मुलांची ठाम समजूत असते. रॉय पी या संशोधकाने १९८६ मध्ये या समजुतीला ‘सुपरबग’ असं नाव दिलं. “पण मला वरचीच रेघ म्हणायची होती!” असं मूल म्हणालं की ओळखावं, हाच तो.

कोडमधल्या चुकीला ‘बग’ का म्हणतात, हे मुलं विचारतातच. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू या जुन्या संगणकात पतंग (उडणारा किडा) अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, ही गोष्ट खरी आहे. शब्द मात्र तिथे जन्मला नाही. एडिसनने १८७८ च्या पत्रातच यंत्रातल्या दोषांना ‘बग’ म्हटलं होतं. दोन्ही सांगा. गोष्ट जरा कमी गोड होते, पण ऐकीव माहिती तपासायची असते हे मुलांना त्याच तासात दिसतं.

## ६. व्हेरिएबल : डब्याची उपमा जपून

प्रोग्राममध्ये नाव देऊन ठेवलेली, बदलता येणारी किंमत म्हणजे व्हेरिएबल. “व्हेरिएबल म्हणजे डबा” असं सगळे सांगतात, मीही सांगायचे. मग एका मुलाने विचारलं, “डब्यात ५ होते, वर ३ टाकले, आता आत ८ की दोन्ही?” डबा म्हटल्यावर प्रश्न रास्तच आहे. आता मी छोटी पाटी वापरते. पाटीवर नाव चिकटवलेलं, आणि एका वेळी एकच संख्या. नवी लिहायची तर जुनी पुसावी लागते. पुसलेली परत मिळत नाही.

मोठ्या मुलांना वेगळाच धक्का बसतो : ‘गुण = गुण + १’. बीजगणित शिकलेलं मूल म्हणेल, हे अशक्य आहे, आणि गणिताच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. इथलं चिन्ह ‘समान आहे’ असं सांगत नाही, ‘उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या पाटीवर लिही’ अशी आज्ञा देतं. वाचताना मोठ्याने “गुण होतो गुण अधिक एक” असं म्हणायला लावा. महिनाभर असंच म्हणवून घ्या.

## ७. पायथनकडे कधी वळायचं

मुलं स्क्रॅचमध्ये अट, पुनरावृत्ती आणि व्हेरिएबल कोणी न सांगता वापरू लागली की. वयापेक्षा हे बघा. टायपिंगचा वेग अगदीच कमी असेल तर आणखी थांबा. प्रत्येक अक्षर शोधणाऱ्या मुलाला कल्पनेकडे बघायला उसंत नसते.

सुरुवात पायथनसोबतच येणाऱ्या कासवाने करा. स्क्रॅचमधलाच चौकोन, स्क्रॅचमधलाच त्रिकोण. कल्पना ओळखीची असते, नवं फक्त लिहिणं असतं. कोरं पान देऊ नका. चालू कोड द्या, काय होईल ते सांगायला लावा, चालवून बघू द्या, एक आकडा बदलू द्या, आणि सर्वांत शेवटी स्वतःचं लिहू द्या. शाळांतल्या प्रोग्रामिंगवर संशोधन करणाऱ्या सू सेंटन्स यांनी मांडलेला हा क्रम मला अजून एकदाही निराश करून गेला नाही.

इथे खड्डे भरपूर आहेत. मी स्वतः पडलेले तेवढे सांगते.

- मुलाने फाइलला ‘टर्टल’ नाव दिलं की कासव हरवतं. पायथन मूळ साधनाऐवजी मुलाचीच फाइल उघडतो आणि विचित्र चूक दाखवतो. मला हे शोधायला अख्खी दुपार लागली होती. फाइलला मुलाचं नाव आणि तारीख द्या.
- ‘इनपुट’ने (वापरणाऱ्याकडून उत्तर मागणाऱ्या आज्ञेने) घेतलेली संख्या अक्षरांच्या रूपात येते. ५ आणि ३ यांची बेरीज ५३ होते. स्क्रॅचमध्ये हेच ८ येत होतं, त्यामुळे मुलाचा स्वतःवरचा विश्वास डळमळतो. आधी अंदाज घ्या, मग दाखवा, मग ‘इंट’ (अक्षरांची संख्या करणारी आज्ञा) शिकवा.
- कळफलक मराठीवर राहिला आणि कोडमध्ये देवनागरी १२ लिहिलं गेलं, तर पायथन नाकारतो. गंमत अशी की चालू प्रोग्रामने विचारल्यावर देवनागरी १२ टाइप केलं, तर ‘इंट’ ते बिनतक्रार स्वीकारतो. व्हेरिएबलचं नाव मात्र ‘वय’ किंवा ‘गुण’ असं देवनागरीत ठेवता येतं. जरूर ठेवू द्या, मुलांना फार आवडतं.
- वर्ड किंवा चॅटमधून उचललेल्या कोडमध्ये वळणदार अवतरणचिन्हं येतात. डोळ्याला दिसत नाहीत, पायथनला चालत नाहीत.
- ‘रेंज’ला (ओळीने आकडे देणाऱ्या आज्ञेला) ५ दिले तर ० ते ४ मिळतात. “पाच का नाही?” याचं लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका. किती वेळा चाललं ते मोजायला सांगा. पाचच वेळा.
- ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागेला अर्थ आहे. टॅब की स्पेस, पहिल्या दिवशी एक ठरवा.

चूक दाखवणारा संदेश इंग्रजीत येतो आणि मुलं तो न वाचताच खिडकी बंद करतात. “ओळ क्रमांक किती आहे?” एवढंच विचारायची सवय लावा. बाकी शब्द हळूहळू कळतात.

## ८. इंटरनेट : चिठ्ठ्यांचा खेळ

लांब वाक्य लिहा, सात तुकडे करा, प्रत्येकावर क्रमांक आणि पत्ता टाका. तुकडे वेगवेगळ्या रांगांतून, हातोहात, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पाठवा. ते उलटसुलट पोहोचतात. एक तुकडा तुम्ही गुपचूप खिशात टाका. समोरच्याने “चौथा मिळाला नाही, परत पाठवा” असं म्हणेपर्यंत थांबायचं. जाळ्यावर माहिती अशीच जाते.

यानंतर दोन घोटाळे सुटतात. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. ती खोलीतली शेवटच्या टप्प्याची बिनतारी जोडणी आहे. आणि इंटरनेट म्हणजे वेब नव्हे; वेब म्हणजे इंटरनेटवरून ब्राउझरमध्ये बघायची पानं. इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट १९६९ चा, वेबचा प्रस्ताव टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन केंद्रात मांडला तो १९८९ मध्ये. मधल्या वीस वर्षांत वेबसाइट नव्हत्या, पण ईमेल होती, हे ऐकून मुलं चकित होतात.

## ९. यंत्राला शिकवण्याचा तास

कृत्रिम बुद्धिमत्तेवर भाषण देऊ नका. गूगलचं टीचेबल मशीन हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन घ्या. मुलांनी कॅमेऱ्यासमोर वही आणि बाटली दाखवून त्याला दोन्हींतला फरक शिकवायचा. मुद्दाम एक गट असा करा, जो वहीचे सगळे फोटो खिडकीजवळ आणि बाटलीचे सगळे भिंतीजवळ घेईल. मग बाटली खिडकीजवळ नेली की यंत्र छातीठोकपणे ‘वही’ म्हणू शकतं, कारण ते वस्तूऐवजी मागचा उजेड शिकलेलं असतं. नमुने कसे निवडले यावर सगळं ठरतं, हे एका बाटलीत कळतं.

चॅटबॉटने लिहिलेला कोड मुलं आणणारच. मी बंदी घालत नाही. त्यातली एक ओळ झाकते आणि विचारते, ही काढली तर काय होईल?

## १०. खाती, पासवर्ड, फोटो

बऱ्याच ऑनलाइन सेवांची वयोमर्यादा १३ वर्षं असते. मुलाचं वय वाढवून खातं उघडून देऊ नका, घाईच्या तासात तो मोह होतो. स्क्रॅच खात्याशिवायही चालतं, काम थेट संगणकावर साठवता येतं. खातं लागणारच असेल तर नावात खरं नाव, शाळा किंवा जन्मसाल नको. मुलांच्या चेहऱ्याचे फोटो कुठेही चढवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. टीचेबल मशीनच्या तासाला वही-बाटलीच का, याचं हेही एक कारण.

## ११. आलं की नाही, हे कसं ओळखायचं

‘संगणकाचे भाग सांगा’ या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवणारं मूल चौकोन काढताना अडकलेलं मी पाहिलं आहे. म्हणून लेखी परीक्षेत दोनच प्रकार ठेवते. एक, पाच ओळींचा कोड आणि “हा काय करेल?” दुसरा, कोडच्या ओळी वेगवेगळ्या पट्ट्यांवर छापून, कापून, मिसळून द्यायच्या. बरोबर क्रमाने लावा, एक पट्टी फसवी आहे. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेली ही कोडी तपासायला सोपी जातात, आणि टायपिंग कच्चं असलेल्या मुलावर अन्याय होत नाही.

प्रकल्पाला गुण देताना माझा भर तोंडी प्रश्नावर असतो. “यातली कुठली चूक शोधायला तुला सर्वांत जास्त वेळ लागला?” ज्याने स्वतः केलंय तो पाच मिनिटं बोलतो. ज्याचं दादाने करून दिलंय तो “काहीच चुकलं नाही” म्हणतो.

## १२. शेवटची पाच मिनिटं

घंटेआधी पाच मिनिटं हात थांबवा, एखाद्याचं अर्धवट राहिलं तरी. फाइल जतन करणं, ती कुठे गेली ते शोधून दाखवणं आणि यंत्र रीतसर बंद करणं, हे तिन्ही मुलांनीच करायचं. ‘अनटायटल्ड’ नावाच्या अठरा फाइली एकाच फोल्डरमध्ये सापडल्या की पुढचा तास त्या ओळखण्यात जातो.

मुलं गेल्यावर यादीतल्या रिकाम्या रकान्यात दोन गोष्टी लिहून ठेवा : आज कोणाचा अंदाज ऐकला, आणि कोणाचा ऐकायचा राहिला. पुढच्या आठवड्यात राहिलेल्या मुलांच्या बाकापासून सुरुवात करा. आणि कुठला माउस अडकत होता तेही तिथेच लिहा, आठवड्याने आठवत नाही.